पाठवली डॉक्स, पोचली झिप: अटॅचमेंटचा प्रकार का बदलतो?

वर्डमधला अर्ज समोरच्याला झिप म्हणून मिळतो. कुणाला पीडीएफऐवजी ‘विनमेल डॉट डॅट’ येते, तर कुणाला ‘नोनेम’ नावाचं काहीतरी. पहिला संशय व्हायरसचा येतो आणि फाईल डिलीट होते. ती घाई करू नये. अशा बहुतेक फायली आतून शाबूत असतात, हरवलेली असते ती त्यांची ओळख. ती इतक्या सहज का हरवते, याचं उत्तर ईमेलच्या जडणघडणीत आहे.

ऑगस्ट 1982 मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी हा टपाल पोचवण्याचा नियम आणि डेव्हिड क्रॉकर यांनी पत्राच्या मांडणीचा नियम लिहिला. दोन्हींत गृहीत एकच होतं: पत्र म्हणजे साधा इंग्रजी मजकूर. प्रत्येक अक्षराला सात बिट, एका ओळीत जास्तीत जास्त 1000 अक्षरं. फाईल जोडण्याची सोयच नव्हती. चित्र किंवा प्रोग्रॅमच्या प्रत्येक बाइटमध्ये मात्र आठ बिट असतात. तो तसाच पाठवला, तर वाटेतला एखादा सर्व्हर आठवा बिट उडवून टाकायचा आणि फाईल कायमची बिघडायची. बर्कलीत मेरी ॲन हॉर्टन यांनी 1980 मध्ये लिहिलेला यूयूएन्कोड हा त्यावरचा तोडगा होता. तो फाईलचं अक्षरांत रूपांतर करायचा आणि घेणारा ती पुन्हा उलगडायचा. सोबत फाईलचं नाव जायचं, पण प्रकार कुठेच नोंदलेला नसायचा.

जून 1992 मध्ये नॅथनिएल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ हे मानक मांडलं आणि आजची अटॅचमेंट जन्माला आली. त्याच वर्षी 11 मार्चला बोरेन्स्टाइन यांनी आपल्या गायक चौकडीचा फोटो जोडून ईमेल पाठवलं होतं. माइमने जुने नियम मोडले नाहीत, त्यांच्या आतच वाट काढली. बेस64 पद्धतीत दर तीन बाइटची चार साधी अक्षरं होतात. अटॅचमेंट मूळ फाईलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने फुगते ती यामुळेच. खरी नवी गोष्ट होती ‘कंटेंट-टाइप’ ही ओळ, म्हणजे डब्यावरची चिठ्ठी: आत चित्र आहे, मजकूर आहे की आणखी काही. पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला प्रकार ओळखता आला नाही, तर तो ‘ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम’ असं लिहून मोकळा होतो. अर्थ इतकाच, की आत बाइट आहेत.

इथून फाईलची ओळख तीन ठिकाणी राहू लागली: माइमच्या ओळीत, नावाच्या शेवटच्या एक्स्टेन्शनमध्ये (डॉट डॉक्स, डॉट पीडीएफ असं शेपूट) आणि फाईलच्या पहिल्या काही बाइटमध्ये. माझ्या मते पुढचा सगळा गोंधळ या तिघांच्या बेबनावातून आला. जुना मॅकिंटॉश प्रकार ओळखायचा तो फाईलसोबत साठवलेल्या चार अक्षरी कोडवरून. नावात एक्स्टेन्शन लागतच नसे, त्यामुळे मॅकवरची फाईल विंडोजवर बेवारस होऊन पोचायची. विंडोज 95 ने उलट एक्स्टेन्शन डोळ्याआड केलं. मे 2000 मधल्या ‘आय लव्ह यू’ व्हायरसने त्याचाच फायदा घेतला: लोकांना नाव टीएक्सटीवर संपलेलं दिसत होतं, खरं शेपूट व्हीबीएस, म्हणजे प्रोग्रॅमचं होतं. एक्स्टेन्शन दाखवण्याची सेटिंग चालू करणं हा आजही पहिला उपाय आहे.

‘विनमेल डॉट डॅट’ची कूळकथा वेगळी. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्ये पत्र ‘रिच टेक्स्ट’ म्हणून लिहिलं, की मजकुराची सजावट आणि सगळ्या अटॅचमेंट टीनेफ नावाच्या खास मायक्रोसॉफ्टच्या बांधणीत एकत्र जाऊ शकतात. समोर आउटलुक असेल तर ती गुपचूप उलगडते. नसेल तर हाती फक्त ती एक फाईल येते. एक्स्टेन्शन बदलून ती उघडत नाही. पाठवणाऱ्याने एचटीएमएल किंवा साधा मजकूर निवडून पुन्हा पाठवणं हाच सरळ मार्ग.

डॉक्स झिप होते तिथे मात्र मिळालेली फाईल खरोखरच झिप असते! ऑफिस 2007 पासून वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटच्या फायली म्हणजे एक्सएमएल (खुणा घातलेल्या साध्या मजकुराच्या) फायलींचं झिप केलेलं गाठोडं आहे. तिचे पहिले दोन बाइट ‘पीके’ अशी अक्षरं असतात, झिपचा जनक फिल कॅट्झ याची आद्याक्षरं. ज्या सर्व्हरला नवा प्रकार ठाऊक नव्हता, तो मोघम चिठ्ठी लावायचा. मग इंटरनेट एक्स्प्लोरर हा ब्राउझर पहिले बाइट पाहून फाईलला झिप ठरवायचा. अशी फाईल उलगडत बसू नका. नाव बदलून शेवटी डॉट डॉक्स करा, ती उघडते. आत काय आहे याची शंका असेल, तर नोटपॅडमध्ये पहिली ओळ पाहावी: पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने आणि पीडीएफ या अक्षरांनी होते.

मराठी नावांचं दुखणं अजून पुरतं गेलेलं नाही. माइमच्या ओळीही सात बिटांतच राहिल्या, म्हणून देवनागरी नाव सांकेतिक करून पाठवावं लागतं. ‘निवेदन’ या छोट्या नावाचे यूटीएफ-8 या सर्व लिपींच्या सांकेतिक पद्धतीत 18 बाइट होतात आणि दर बाइटची तीन साधी अक्षरं करणाऱ्या 1997 च्या नियमाने लिहिलं तर 54 अक्षरं. नाव लांबलं की त्याचे तुकडे होतात. घेणाऱ्या प्रोग्रॅमला ते जोडता आले नाहीत, तर शेवटचा तुकडा गळतो, आणि एक्स्टेन्शन नेमकं त्यातच असतं. 2012 मध्ये मानकांनी अशी नावं सरळ यूटीएफ-8 मध्ये न्यायला परवानगी दिली, पण त्यासाठी वाटेतले सर्व्हर आणि समोरचा प्रोग्रॅम, दोन्ही तयार हवेत. आपल्या भाषेत फाईलला नाव देणाऱ्यालाच हा भुर्दंड पडावा, हे मला अन्यायाचं वाटतं. तरीही मुदतीचा अर्ज पाठवताना नाव रोमन लिपीत आणि आखूड ठेवा, आणि मराठी शीर्षक फाईलच्या आत लिहा.