एफ फोर ते सुपर लायसन्स: वय, कागदपत्रं आणि त्या ४० पॉइंटचा हिशोब

कार्टिंगमध्ये दोन-तीन ट्रॉफ्या आल्या की घरच्यांचा पहिला प्रश्न हमखास ठरलेला, आता फॉर्म्युला गाडी कधी? गाडीचं नंतर बघू, आधी कागद बघा, कारण कागदाला उशीर झाला तर गाडी, टीम, टायर सगळं तयार असूनही पोरगं पिटलेनमध्ये उभं राहून बघत बसतं.

एक घोळ आधीच मिटवून टाकू. लायसन्स दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे रेसिंगचं नेहमीचं लायसन्स, ते तुमच्या देशातली मोटरस्पोर्ट संघटना देते, हिलाच एएसएन म्हणतात, प्रत्येक देशात एफआयएने, म्हणजे मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेने, मान्यता दिलेली एकच असते. आणि दुसरं सुपर लायसन्स, ते थेट एफआयए देतं आणि फक्त फॉर्म्युला वनसाठी लागतं. एफ फोर, फॉर्म्युला रीजनल, एफ थ्री, एफ टू या फॉर्म्युला वनच्या खालच्या सगळ्या पायऱ्या पहिल्या प्रकारच्या लायसन्सवरच चढायच्या असतात, फक्त ग्रेड बदलत जाते. गाडीचं वजन आणि तिची ताकद यांचं गुणोत्तर बघून कुठल्या गाडीला कुठली ग्रेड ते ठरतं, गाडी जितकी हलकी आणि तगडी तितकी वरची ग्रेड. खालच्या ग्रेडवर रेस केल्याचा रेकॉर्ड दाखवला की वरची मिळते, एकदम उडी मारता येत नाही.

वयाचं म्हणाल तर एफ फोरला १५ वर्षं पूर्ण लागतात. सीझन सुरू होताना १४ असेल आणि वाढदिवस मध्येच येत असेल तर वाढदिवसानंतरच्या रेसपासून उतरता येतं, पण मग आधीच्या राउंडचे पॉइंट गेले ते गेलेच, बरेच जण म्हणून पुढचा सीझन पकडतात. मला तरी तेच बरं वाटतं.

आता कागद. अर्जाचा फॉर्म, फोटो, पासपोर्ट, वयाचा पुरावा, आधीच्या रेसचे निकाल, आणि अल्पवयीन असेल तर पालकांचं संमतीपत्र. ही सगळी किरकोळ कामं, एका दिवसात होतात. नॅशनॅलिटीचं मात्र नीट ठरवा. एका वेळी एकाच एएसएनचं लायसन्स ठेवता येतं, दोन पासपोर्ट असले तरी. वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये नावापुढे जो झेंडा लागतो तो जन्मगावाचा नसतो, लायसन्सचाही नसतो, पासपोर्टचा असतो. एफ वन ड्रायव्हर मॅक्स व्हर्स्टॅपन जन्मला बेल्जियममध्ये, आई बेल्जियन, पण झेंडा नेदरलँड्सचा. आणि हो, दुसऱ्या देशातल्या सीरीजमध्ये उतरायचं असेल तर आपल्या एएसएनची आधी परवानगी लागते, हे टीमवाले सांगतील म्हणून गप्प बसू नका, कारण ते बऱ्याचदा गृहीत धरतात की तुम्ही केलंय.

खरा वेळ जातो मेडिकलमध्ये. तपासणी दरवर्षी करायची असते. डोळ्यांची अट अशी की प्रत्येक डोळा किमान ९/१० पाहिजे किंवा एक ८/१० आणि दुसरा १०/१०, चष्मा किंवा लेन्स लावून मोजलं तरी चालतं, म्हणजे चष्मा आहे म्हणून कोणी बाद होत नाही. दृष्टीचं क्षेत्र किमान १२० अंश. आणि रंग. ती रंगीत ठिपक्यांची इशिहाराची पानं असतात ना, ठिपक्यांमधला आकडा ओळखायचा, ती टेस्ट होते. त्यात चुकलं तर लगेच रडू नका, पुढची वेगळी टेस्ट घेतात, कारण मुद्दा एवढाच असतो की ट्रॅकवरच्या झेंड्यांचे रंग ओळखण्यात चूक होता कामा नये, पिवळा झेंडा हिरवा दिसला तर काय होईल ते सांगायला नको. एपिलेप्सीचा इतिहास असेल तर मात्र ते डॉक्टरला आधीच सांगा, तिथे नियम कडक आहेत.

औषधांचंही याच टप्प्यावर बघून घ्या. सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये स्यूडोएफेड्रिन असतं, ते रेसच्या काळात ठराविक प्रमाणाच्या वर सापडलं की डोपिंगच. बीटा ब्लॉकर तर मोटरस्पोर्टमध्ये रेसच्या काळात बंदच आहेत, कारण त्याने हात थरथरत नाहीत आणि ठोके खाली राहतात. डॉक्टरने खरंच एखादं बंदीतलं औषध दिलं असेल तर टीयूई नावाची सूट मिळते, तिचा अर्ज औषध घेण्याआधी करायचा, पकडल्यावर नाही.

अंगावरच्या सामानाचा कागदांशी काय संबंध असं वाटेल, पण आहे. प्रत्येक वस्तूवरचं एफआयएचं लेबल हाच तिचा कागद. ओव्हरऑल, हातमोजे, बूट, आतले फायरप्रूफ कपडे यांना ८८५६ नंबरचं लेबल, हेल्मेटला ८८५९ किंवा वरच्या सीरीजसाठी ८८६०, मान वाचवणाऱ्या हान्सला ८८५८. आमच्या ओळखीतल्या एका पोराच्या आईने आतल्या टीशर्टचं लेबल टोचतंय म्हणून कात्रीने कापून टाकलं होतं, टीशर्ट नवाकोरा, चांगल्या कंपनीचा, पण स्क्रूटिनीरने, म्हणजे सामान तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, कॉलर उलटी करून बघितली आणि बाजूला ठेवला, बाकी एक शब्द बोलला नाही. लेबल नाही म्हणजे टीशर्ट नाही. त्या दिवशी दुसऱ्या ड्रायव्हरचा दोन साइज मोठा टीशर्ट घालून क्वालिफाइंग केलं त्याने.

एवढं झालं की ज्युनिअर सीरीजचं काम संपतं, दरवर्षी तेवढं रिन्यू करत राहायचं, मुदत ३१ डिसेंबरलाच संपते, लायसन्स ऑक्टोबरमध्ये काढलेलं असलं तरी.

आता सुपर लायसन्स. अटी थोडक्यात अशा: वय १८, एफआयएच्या यादीतल्या चॅम्पियनशिपचे दोन सीझन, प्रत्येक किमान ८० टक्के पूर्ण केलेला, स्पोर्टिंग कोड आणि एफ वनच्या नियमांवरची लेखी परीक्षा, एफ वन गाडीत ३०० किलोमीटर, आणि तीन वर्षांत मिळून ४० पॉइंट.

वयाची अट आली ती व्हर्स्टॅपनमुळेच म्हणा ना, २०१५ मध्ये १७ व्या वर्षी तो एफ वनमध्ये उतरला आणि पुढच्याच वर्षीपासून १८ ची रेघ मारली. २०२४ मध्ये मात्र एफआयएने खिडकी थोडी उघडली, सिंगल सीटरमध्ये सातत्याने असामान्य कामगिरी आणि समज दाखवली असेल तर १७ व्या वर्षीही देऊ, पण आमच्या मर्जीने. अरविड लिंडब्लाडला २०२५ मध्ये तशी सूट मिळाली आणि जुलैत सिल्व्हरस्टोनच्या पहिल्या प्रॅक्टिसमध्ये तो १७ व्या वर्षी बसला. आपण मात्र सूट धरून प्लॅन करू नये.

पॉइंटचं गणित नीट समजून घ्या, सगळे इथेच अडकतात. एफ टू मध्ये पहिल्या तिघांना ४०-४०-४०, चौथ्याला ३०, पाचव्याला २०, मग १०, ८, ६, ४, ३. एफ थ्री मध्ये ३०, २५, २०, १५, १२ असं उतरत जातं. एफ फोर जिंकलं तर १२, दुसऱ्याला १०, तिसऱ्याला ७. ग्रिडवर गाड्याच कमी असतील तर पॉइंटही कापतात, त्यामुळे रिकाम्या ग्रिडची सोपी सीरीज शोधून जिंकण्याची आयडिया चालत नाही.

समजा पहिल्या वर्षी एफ फोर जिंकलं, १२. दुसऱ्या वर्षी एफ थ्रीमध्ये पाचवा, १२. तिसऱ्या वर्षी एफ टूमध्ये पाचवा, २०. बेरीज ४४, झालं काम. पण सीट मिळाली नाही म्हणून चौथ्या वर्षी परत एफ टू केलं आणि आठवा आला, ६ मिळाले. आता एफ फोरवाले १२ तीन वर्षांच्या हिशोबाबाहेर गेले, उरले १२, २० आणि ६, म्हणजे ३८. एक वर्ष जास्त रेस केली, अनुभव वाढला आणि पात्रता गेली! वाचवणारी गोष्ट एकच, पूर्ण सीझन एकही पेनल्टी पॉइंट (नियम मोडला की मिळतो तो) न घेता काढला तर २ जादा मिळतात. ३८ आणि २, बरोबर ४०. म्हणून पहिल्या लॅपला कोणाला उगाच ठोकू नका हे मी फक्त गाडीच्या काळजीने सांगत नाही.

ही अट नाव बघत नाही. कोल्टन हर्टा अमेरिकेतल्या इंडीकार सीरीजमध्ये रेस जिंकलेला ड्रायव्हर, २०२२ मध्ये एफ वन टीमला तो हवा होता, पण पॉइंट भरले ३२ आणि तिथेच विषय संपला. इंडीकारच्या चॅम्पियनला ४० मिळतात पण खाली उतरताना आकडा धडाधड घसरतो, तेव्हाच्या तक्त्यात दहाव्याला फक्त १. शेवटी त्याने २०२६ साठी एफ टू पकडलं, म्हणजे करिअरमध्ये उलटी पायरी, फक्त पॉइंटसाठी.

४० जमले म्हणून सीट मिळतेच असंही नाही. फेलिपे ड्रुगोविच २०२२ चा आणि तेओ पुर्शेर २०२३ चा एफ टू चॅम्पियन, दोघांनाही पुढच्या वर्षी एफ वनची सीट मिळाली नाही. वर नियम असा की एफ टू जिंकल्यावर परत एफ टूमध्ये उतरता येत नाही. ऑस्कर पिआस्त्रीसुद्धा २०२१ मध्ये जिंकून २०२२ पूर्ण रिझर्व्ह म्हणून बाहेर बसला होता.

४० ला वेळ असेल तर मधला रस्ता आहे, फक्त फ्री प्रॅक्टिसचं, म्हणजे रेसच्या आधीच्या सरावापुरतं, सुपर लायसन्स. त्याला २५ पॉइंट किंवा एफ टूच्या ६ रेस पुरतात, ३०० किलोमीटरची अट मात्र इथेही आहे. प्रॅक्टिसमध्ये किमान १०० किलोमीटर चालवले आणि पेनल्टी पॉइंट नसेल तर दर वेळी १ पॉइंट खात्यात, तीन वर्षांत जास्तीत जास्त १०. २०२५ पासून प्रत्येक टीमला सीझनमध्ये चार प्रॅक्टिस सेशन नवख्यांना द्यावीच लागतात, त्यामुळे या लायसन्सला आता मागणी आहे.

ते ३०० किलोमीटर बहुतेक जण टीमच्या जुन्या गाडीत करतात, जास्तीत जास्त दोन दिवसांत, रेसच्या वेगाने, आणि त्याचा दाखला अर्जाला जोडायचा. हा दाखला कायमचा चालत नाही, त्यालाही मुदत असते, म्हणून टेस्ट दोन वर्षं आधीच उरकून ठेवू म्हणाल तर उपयोग नाही, आधी पॉइंट, मग परीक्षा, मग टेस्ट, आणि मग एएसएनच्या सहीने अर्ज.