कागदावरचा मालक आणि खरा मालक: जॉर्जियातल्या चॅनेल्सवरून समजून घ्या

"कंपनीचं नाव रजिस्टरमध्ये आहे ना, मग मालकी पारदर्शकच आहे की" हे बातम्यांच्या चॅनेल्सबद्दल इतक्या वेळा वाचलंय की आता राहवत नाही. कागदावरचा मालक तुम्हाला माहितीये, ज्याच्या नावावर शेअर्स तो, विषय संपला. घोळ होतो तो खऱ्या मालकाशी, म्हणजे शेवटी नफा ज्याच्या खिशात जातो आणि ज्याच्या एका फोनवर संपादक बदलू शकतो तो हाडामांसाचा माणूस.

जॉर्जिया घ्या. काळ्या समुद्राकाठचा देश, राजधानी तिबिलिसी, लोकसंख्या आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्मीसुद्धा नाही. तिथलं रुस्तावी २ हे चॅनेल २००३ च्या सत्तापालटात गाजलेलं, आणि पुढे त्याचे बरेच शेअर्स ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधल्या एका कंपनीच्या नावावर गेले. आता बघा, रजिस्टरमध्ये नाव होतं, कागद चोख होते, पण त्या कंपनीच्या मागे कोण हे बघायला जावं तर त्या बेटांवर मालकांची यादी लोकांसाठी खुली नाही, म्हणजे एक दार उघडलं की आत दुसरं कुलूप. माणूस रोज रात्री जेवताना ज्या बातम्या बघतोय त्या कुणाच्या हे शोधायला त्याच्याकडे मार्गच नाही. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि बांधावर उभं राहून हुकूम सोडणारा दुसराच, हे गावाकडे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही, मग मीडियाच्या बाबतीतच आपण सातबारा बघून का थांबतो?

२०११ साली तिथे प्रसारण कायदा बदलला. ऑफशोअर कंपन्यांना, म्हणजे अशा बेटांवर नोंदवलेल्या परदेशी कंपन्यांना, चॅनेलची मालकी बंद, आणि खरा मालक जाहीर करणं सक्तीचं. माझ्या मते हाच बरोबर रस्ता, कारण नुसतं "माहिती द्या" म्हटलं की लोक कंपनीचं नाव देऊन मोकळे होतात.

मालक कळला म्हणजे चॅनेल निष्पक्ष झालं असं नाही हां, २०१९ मध्ये रुस्तावी २ कोर्टाच्या निकालाने उघडपणे जुन्या मालकाकडे परत गेलं आणि कितीतरी पत्रकार बाहेर पडले. पण तो वेगळा विषय.

मला खरी काळजी आहे नेटची. तो बदल टीव्ही-रेडिओसाठी होता, लोक मात्र मोबाईलवर फेसबुक उघडून बातम्या वाचायला लागले. डिसेंबर २०१९ मध्ये फेसबुकने जॉर्जियातली ३४४ पेजेस काढली, त्यातली काही चक्क न्यूज पेज म्हणून चालत होती, आणि फेसबुकच्या तपासात धागे निघाले पांडा नावाच्या जाहिरात एजन्सीपर्यंत आणि जॉर्जियन ड्रीम या पक्षाच्या सरकारपर्यंत. २०२० मध्ये विरोधी पक्षाच्या लोकांशी जोडलेलं जाळंही काढलं, म्हणजे एकाच बाजूचा रोग नाही हा.

आणि कृपा करून "पेज ट्रान्सपरन्सी (फेसबुक पेजची माहिती दाखवणारा भाग) बघितली, सगळं क्लिअर आहे" असं म्हणू नका. ते उघडून नीट वाचा एकदा: पेज कधी बनवलं, नाव किती वेळा बदललं, चालवणारे कुठल्या देशात बसलेत, असलंच काही दिसतं. काही पेजेसवर कंपनीचं नाव पण असतं, पण तो परत कागदावरचाच मालक.