लाल दोरीची सहा टोकं

४ जुलै १९३२. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये मेक्सिकन चित्रकार फ्रीडा कालोचा गर्भ पडला. पंचविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. रुग्णालयात पडल्या पडल्या तिने हट्ट धरला, गर्भाची चित्रं असलेलं वैद्यकीय पुस्तक हवं. डॉक्टर देईनात. शेवटी नवरा दिएगो रिव्हेराने आणून दिलं.

हट्ट विचित्र वाटेल, पण या दुःखाची गोम तिथेच आहे. आजी गेली की मागे फोटो असतो, लुगडं असतं, दहावा-तेरावा असतो. तिसऱ्या महिन्यात पोट पडलं तर? सोनोग्राफीचा कागद, तोही काही वर्षांत पुसट होणारा. वर ‘होईल गं दुसरं’ म्हणणारी माणसं. समाज ज्याला दुःख म्हणून मोजतच नाही, अशा शोकाला केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये वेगळं नाव दिलं, त्यात हे अगदी चपखल बसतं. शरीरही गोंधळात भर घालतं: गर्भधारणेचं संप्रेरक रक्तातून उतरायला कधी कधी काही आठवडे लागतात, तोवर घरची चाचणी ‘हो’च दाखवत राहते.

लंडनच्या रुग्णालयांतल्या सहाशेवर स्त्रियांचा अभ्यास २०२० मध्ये आला. गर्भ गमावल्यावर महिन्याभराने २९ टक्के स्त्रियांमध्ये आघातोत्तर ताणाची लक्षणं होती. नऊ महिन्यांनीही १८ टक्क्यांमध्ये. अशा आठवणी गोष्टीसारख्या सलग येत नाहीत. एखादा वास, दिवा, चादरीवरचा डाग, असे तुकडे न बोलावता येतात. चित्र काढताना मात्र तुकडा कुठे ठेवायचा, केवढा काढायचा, कुठल्या रंगात, हे आपण ठरवतो. नको झालं की ब्रश खाली ठेवता येतो.

२०१६ च्या एका अमेरिकी प्रयोगात ३९ जणांनी ४५ मिनिटं माती, रंग, कातरकाम यांत घालवली. सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उतरलं. कलेचा सराव असणं-नसणं फारसं आड आलं नाही. पण ही माणसं शोकात नव्हती, तेव्हा यावरून ‘चित्र काढा, बरं वाटेल’ म्हणणं घाईचं होईल. झोप उडाली, जगणं नकोसं झालं, तर डॉक्टरच गाठायला हवा.

फ्रीडाने १९३२ मध्येच धातूच्या पत्र्यावर, जेमतेम ३० बाय ३८ सेंटिमीटरमध्ये, आपल्या गर्भपाताचं चित्र काढलं. दिएगो त्याच शहरात अख्ख्या भिंती रंगवायला आला होता. उघड्या मैदानात पलंग, मागे कारखाने, चादरीवर रक्त. तिच्या हातात नाळेसारख्या सहा लाल दोऱ्या, आणि त्यांच्या टोकांना गर्भ, कटीचं हाड, दिएगोने दिलेलं ऑर्किड, एक यंत्र, शरीररचनेचा नमुना आणि गोगलगाय. गोगलगाय का, तर सगळं इतकं सावकाश झालं म्हणून.