दिवाळीच्या रात्रीचा तो 'नासाचा फोटो'

दिवाळी आली की फॅमिली ग्रुपवर तो फोटो येतोच, काळ्या बॅकग्राउंडवर भारत, त्यात निळे हिरवे लाल ठिपके आणि खाली कॅप्शन की दिवाळीच्या रात्री नासाने अंतराळातून टिपलेला भारत. तो दिवाळीचा नाहीये, आणि एका रात्रीचा तर अजिबातच नाही! अमेरिकेच्या 'नोआ' या हवामान आणि समुद्रांचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी २००३ साली उपग्रहांच्या बऱ्याच वर्षांच्या डेटावरून तो बनवला, लोकसंख्या कुठेकुठे वाढली ते दाखवायला. पांढरे दिवे १९९२ च्या आधीपासूनचे, निळे १९९२ ला दिसायला लागलेले, हिरवे १९९८ चे, लाल २००३ चे. म्हणजे ते रंग आकाशकंदिलांचे नाहीत, वर्षांचे आहेत. २०१२ मध्ये नासानेच हे सांगितलं आणि १२ नोव्हेंबरच्या, म्हणजे दिवाळीतल्याच रात्रीचं खरं चित्र दिलं, शिवाय हेही की दिवाळीचा जास्तीचा उजेड वरून बहुधा कळतच नाही.

आता घरात मूल असेल तर नुसतं 'फेक आहे, डिलीट कर' म्हणून सोडू नका प्लीज. फोटो मोठा करून दाखवा आणि विचारा, रात्री गच्चीतून लांबचे दिवे असे निळे-हिरवे दिसतात का, मग इथे पट्टेच्या पट्टे रंगीत कसे, कुठला रंग म्हणजे काय हे कुठे लिहिलंय का, आणि खालची ओळ चित्र बनवणाऱ्याने लिहिली की पाठवणाऱ्याने? कारण इथे चित्र खरं आहे, खोटी आहे ती खालची ओळ, आणि हा फरक आठ-नऊ वर्षांच्या पोरांना आपण समजतो त्यापेक्षा लवकर कळतो. मग हेच प्रश्न त्यांना फेअरनेस क्रीमच्या 'आधी-नंतर' फोटोवर विचारायला लावा.