यिर्गाचेफे कॉफी

दक्षिण इथिओपियातील गेदेओ भागात पिकणारी अरेबिका कॉफी. यिर्गाचेफे हे तिथल्या एका छोट्या गावाचे नाव. मात्र कोचेरे, गेदेब या शेजारच्या भागांतला मालही बाजारात याच नावाने खपतो. त्यामुळे पाकिटावर ‘सिंगल ओरिजिन’, म्हणजे एकाच ठिकाणची, असे छापलेले असले तरी ती एका मळ्याची कॉफी असेलच असे नाही. शेतकऱ्यांच्या जमिनी लहान आहेत. शेकडो घरांची फळे एकाच धुलाई केंद्रावर येतात आणि तिथेच एकमेकांत मिसळतात.

झाडे साधारण १,७०० ते २,२०० मीटर उंचीवर आहेत, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही (१,६४६ मी.) वर. विषुववृत्त जेमतेम सहा अंशांवर, तरी उंचीमुळे रात्री गार असतात. फळ सावकाश पिकते, बी घट्ट भरते आणि तिच्यातला आंबटपणा टिकतो. कॉफीवर सावली धरते ती केळीच्या कुळातली एन्सेट. तिच्या खोडाचा गर आंबवून भाकरी करतात. तेच इथले मुख्य अन्न. गेदेओच्या या मिश्र शेतीच्या प्रदेशाला २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

फळाची साल काढून बिया हौदात आंबवायच्या, पाण्याने चोळून धुवायच्या आणि उंच मांडवांवर पसरून वाळवायच्या, ही इथली नावाजलेली पद्धत. अशा कॉफीला जाईसारखा वास येतो. चवीत लिंबाची साल असते आणि अर्ल ग्रे चहाला सुवास देणारे बर्गमॉटही. पहिल्यांदा पिणाऱ्याला हा पातळ चहाच वाटतो आणि त्यात त्याची फारशी चूक नाही. सालीसकट वाळवलेली कॉफी अधिक गोडसर, बेरीच्या मुरंब्याकडे झुकणारी असते. काहींना ती जास्त आवडते, पण जाईचा वास तिच्यात दबतो.

गडद भाजली की हे सारे करपते, म्हणून भाजणी हलकीच हवी. घरी करताना १५ ग्रॅम कॉफी ऐनवेळी दळावी, साधारण बारीक रव्याइतपत. कागदी गाळणीत घालून आधी तीसेक ग्रॅम पाणी ओतावे. पूड फुगून बुडबुडे येतात. अर्ध्या मिनिटाने उरलेले पाणी बारीक धारेने, एकूण २४० ग्रॅमपर्यंत सोडावे. तीन मिनिटांच्या आसपास गाळून व्हावी. कडू लागली तर दळण जाडसर करावे, नुसतीच आंबट लागली तर बारीक. पाणी ९२ ते ९६ अंश सेल्सिअस असावे. गंमत अशी, की या मळ्यांच्या उंचीवर पाणी ९३-९४ अंशांनाच उकळते. दुधाने सुवास मरतो. चिकोरी घातलेल्या फिल्टर कॉफीची सवय असलेल्यांना हे पटायला वेळ लागतो.

नावालाही किंमत आहे. इथिओपिया सरकारने २००५ मध्ये अमेरिकेत सिदामो, हरार (देशातले आणखी दोन कॉफीप्रदेश) आणि यिर्गाचेफे या नावांच्या व्यापारचिन्हांसाठी अर्ज केले. त्यावरून स्टारबक्सशी वाद झाला आणि २००७ मध्ये करार होऊन तो मिटला.

खुद्द इथिओपियातल्या घरांत मात्र हा हलक्या भाजणीचा सोवळेपणा नाही. पाहुण्यांसमोरच हिरव्या बिया तव्यावर काळपट भाजतात, कुटतात आणि जेबेना या मातीच्या सुरईत उकळतात. त्याच पुडीवर पुन्हा पाणी घालून तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना, बराका. तिसरी सर्वांत पातळ, तरी ती घेतल्याशिवाय पाहुण्याने उठायचे नसते.