लढाऊ उड्डाण सिम्युलेटर (नागपूर)

लढाऊ उड्डाण सिम्युलेटर : एखादे खरे लढाऊ विमान, इंजिनापासून रडारपर्यंतच्या सगळ्या यंत्रणांसह, घरच्या संगणकावर चालवू देणारी प्रणाली आणि तिच्याभोवती वाढलेला छंद. छंदिष्ट तिला नुसते ‘सिम’ म्हणतात. विमानांचा साधा खेळ आणि सिम यांतला फरक स्फोटांत आणि धुरात शोधू नये. तो यंत्रात असतो. खेळात कळ दाबली की क्षेपणास्त्र सुटते. सिममध्ये त्याआधी बॅटरी चालू करायची, इंजिन फिरवून पेटवायचे, दिशादर्शक यंत्रणा स्थिरावेपर्यंत जागेवर थांबायचे, शस्त्रांची मुख्य कळ उघडायची आणि रडार योग्य उंचीचा पट्टा धुंडाळत आहे ना हे पाहायचे. यातले एक राहिले तरी क्षेपणास्त्र पंखाखालीच राहते. थंड विमान जागे करण्यात दहा-पंधरा मिनिटे जातात. ही मिनिटे ज्याला आवडतात तोच या छंदात टिकतो.

नागपूर आणि विमाने : भारतीय हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपुरात, वायुसेनानगरात आहे. विमानांची मोठी दुरुस्ती, सुटे भाग आणि साठा सांभाळणारी ही कमांड. सोनेगावला प्रवासी विमानतळाशेजारी हवाई दलाचा तळ आहे. मिहानमध्ये प्रवासी विमानांच्या देखभालीचे केंद्र आहे आणि फाल्कन जातीच्या बिझनेस जेटचे भागही तिथे तयार होतात. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करत आणि आपापल्या गावी परतत. या शहराचे विमानांशी असलेले नाते असे पान्याचे, वेळापत्रकाचे आणि नियमपुस्तिकेचे आहे. वास्तवदर्शी सिमचा पिंडही तोच असल्याने हा छंद इथे परका वाटत नाही.

सिममध्ये नागपूर दिसते का, हा प्रश्न इथला प्रत्येक नवखा विचारतो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर किंवा एक्स-प्लेन या नागरी प्रणालींत सारे जग असल्यामुळे सोनेगावच्या धावपट्टीवर उतरता येते. लढाऊ सिमचे नकाशे मात्र तुकड्यांचे असतात : कॉकेशस, पर्शियन आखात, सीरिया, कोरिया. अफगाणिस्तानचा नकाशा २०२४ मध्ये आला. भारताचा अधिकृत नकाशा नाही.

वाटचाल : जमिनीवर बसून उडायला शिकवणारे पहिले यशस्वी यंत्र एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये अमेरिकेत बनवले, भात्यांवर हलणारी ती लाकडी पेटी होती. घरगुती संगणकावरच्या लढाऊ सिममध्ये १९८७ चे ‘फाल्कन’ महत्त्वाचे. त्याच मालिकेतील ‘फाल्कन ४.०’ डिसेंबर १९९८ मध्ये आले. त्यात कोरियातले संपूर्ण युद्ध खेळाडूकडे न पाहता पुढे सरकत राहते. आज पाडलेला पूल उद्याच्या रसदीवर परिणाम करतो. सन २००० मध्ये त्याची मूळ संगणकसंहिता बाहेर फुटली आणि स्वयंसेवकांनी ती सुधारत नेली. त्यातून उभे राहिलेले ‘फाल्कन बीएमएस’ आजही एफ-१६ या अमेरिकन लढाऊ विमानासाठी उत्तम मानले जाते. दुसरी शाखा ईगल डायनॅमिक्सची : १९९५ चे ‘सुखोई-२७ फ्लँकर’, २००३ चे ‘लॉक ऑन’, २००८ चे ‘ब्लॅक शार्क’, २०११ चे ‘ए-१०सी’ आणि या सगळ्यांना एका छताखाली आणणारे ‘डीसीएस वर्ल्ड’. यातले ‘ए-१०सी’ हे त्याच नावाच्या अमेरिकन हल्ला-विमानाचे सिम अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्ड या राखीव हवाई दलासाठी केलेल्या प्रशिक्षण प्रणालीतून निघाले. डीसीएसचा गाभा फुकट असून त्याबरोबर सुखोई-२५टी आणि टीएफ-५१डी ही दोन विमाने मिळतात. दुसऱ्या महायुद्धातील विमानांसाठी २००१ पासूनची ‘आयएल-२ स्टर्मोव्हिक’ मालिका आहे.

आनंद कशात : बाहेरून पाहणाऱ्याला ही माणसे खोटी विमाने पाडताना दिसतात. त्यांना प्रत्यक्षात जे लागलेले असते ते पदार्थविज्ञान, आणि तेही हाताला समजणारे.

जवळच्या हवाई लढतीचे मर्म नागपंचमीच्या झोक्यात सापडते. झोका वर गेला की उंची असते, वेग नसतो. खाली आला की वेग असतो, उंची नसते. दोन्ही मिळून एकच ऊर्जा. विमान करकचून वळवणे म्हणजे झोक्यावर बसून पाय जमिनीला घासणे : वळण मिळते, पण ती ऊर्जा परत येत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकन हवाई दलातील जॉन बॉइड यांनी गणितज्ञ थॉमस ख्रिस्ती यांच्यासोबत हे सूत्रबद्ध केले आणि कोणते विमान कोणत्या वेगाला, कोणत्या उंचीवर दुसऱ्यापेक्षा सरस ठरेल हे आलेखावर मांडले. सिममध्ये हा आलेख पाठ करावा लागत नाही. दोन महिने रोज अर्धा तास वळणे घेतली की विमान वळवायची काठी किती ओढल्यावर वेग गळायला लागतो ते बोटांना कळते.

दूरच्या लढतीत वेगळीच मजा आहे. अजनीजवळ रुळांशेजारी उभे राहिले की येणाऱ्या गाडीची शिट्टी चढ्या स्वरात ऐकू येते आणि जाणाऱ्या गाडीची उतरत्या स्वरात. लढाऊ विमानाचे डॉप्लर रडार याच तत्त्वावर जमिनीचा पसारा वगळून हलणारे विमान वेगळे काढते. आता समोरच्याने आपल्या रडारकिरणाला काटकोनात उडायला सुरुवात केली तर तो जवळही येत नाही आणि दूरही जात नाही. त्याचा प्रतिध्वनी जमिनीच्या प्रतिध्वनीसारखाच होतो आणि रडार त्याला जमिनीबरोबर गाळून टाकते. या चालीला ‘नॉच’ म्हणतात. रडारवरचा शत्रूचा ठिपका असा नाहीसा होताना पहिल्यांदा पाहिला की शाळेत घोकलेला डॉप्लर परिणाम जन्मभर विसरत नाही.

भारतीयांना विशेष ओढ असते ती मिग-२१ ची. १९६३ मध्ये हवाई दलात आलेले हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले. डीसीएसमध्ये त्याची बिस आवृत्ती २०१४ पासून आहे. ते चालवताना त्याच्या वैमानिकांविषयीचा आदर दुणावतो. पुढचे चाक मोकळे फिरणारे असल्याने जमिनीवर वळायला पायाखालचे पेडल दाबून काठीवरची ब्रेकची दांडी आवळावी लागते. हे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात आणि हवेचा साठा मर्यादित असतो. उतरताना पंखांच्या फ्लॅपवरून (मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्यांवरून) इंजिनाची हवा फुंकली जाते. घाबरून थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर ठरवणारा दांडा, मागे ओढला की फुंकर थांबते, आधार जातो आणि विमान दगडासारखे बसते. सुखोई-३० एमकेआयचे असे बारकाव्यांसह केलेले अधिकृत रूप मात्र मिळत नाही. सेवेत असलेल्या या विमानाची खरी माहिती गुप्त आहे आणि अंदाजाने भरलेल्या विमानाला वास्तवदर्शी म्हणता येत नाही.

एक मर्यादा इथेच नोंदवायला हवी. खऱ्या वळणात वैमानिकाच्या अंगावर त्याच्या वजनाच्या सात-आठ पट भार येतो. सिममध्ये पडद्याच्या कडा काळवंडतात आणि श्वासाचा आवाज वाढतो, इतकेच. शरीर काही सांगत नसल्यामुळे सगळे डोळ्यांनी वाचावे लागते. साधने निवडताना डोळ्यांचा विचार आधी करायचा तो यासाठीच.

साधनांची निवड : बहुतेक नवखे आधी महागडी जॉयस्टिक घेतात आणि मग तिच्यासाठी विमान शोधतात. क्रम उलटा हवा. आधी विमान ठरवावे, ते वर्षभर सोडू नये आणि त्याला जे लागते तेच घ्यावे. एफ-१६ ला पेडलांचे फारसे अडत नाही. दुसऱ्या महायुद्धातले स्पिटफायर पेडलांशिवाय धावपट्टीवरून सरळ निघतच नाही. मिग-२१ ला काठीवर ब्रेकची दांडी असेल तर जीव हलका होतो. हेलिकॉप्टरला तर काठी मध्यावर खेचणारी कडक स्प्रिंगच नको असते.

विमान कोणतेही असो, पहिला खर्च मान वळवण्याच्या सोयीवर करावा असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. हेडट्रॅकिंगमध्ये कॅमेरा डोक्याची हालचाल टिपतो आणि ती कित्येक पट वाढवून दाखवतो. आपण मान वीसेक अंश वळवली की कॉकपिटमधली नजर थेट शेपटीकडे जाते आणि डोळे तरी समोरच्या पडद्यावरच राहतात. तयार साधनांत ट्रॅकआयआर सर्वांत जुने आणि भरवशाचे. पैसे नसतील तर ओपनट्रॅक ही फुकट प्रणाली साध्या वेबकॅमवरही चेहरा ओळखून काम भागवते. थोडी खटपट करणारा तीन इन्फ्रारेड एलईडी, एक छोटा रेझिस्टर आणि यूएसबीची वायर घेऊन टोपीला लावायची पट्टी घरीच जोडतो. तिन्ही एलईडी एकापुढे एक जोडले की पाच व्होल्टवर छान चालतात. त्यासोबत वेबकॅममधला इन्फ्रारेड रोखणारा काचेचा तुकडा काढून त्या जागी काळी पडलेली फोटोची निगेटिव्ह बसवावी लागते. सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत हे सुटे भाग किरकोळीत मिळतात.

काठीत पाहायची गोष्ट बटणांची संख्या नाही, सेन्सर आहे. स्वस्त काठ्यांत पोटेन्शिओमीटर असतो. त्यातली पट्टी घासून झिजते, धूळ बसली की आकडे उड्या मारतात आणि विमान आपोआप थरथरू लागते. हॉल सेन्सरमध्ये चुंबक आणि त्याचे क्षेत्र मोजणारी चीप असते. काही घासतच नाही, म्हणून झीज नाही. नागपूरच्या उन्हाळ्यातली बारीक धूळ पाहता हा फरक इथे फार महत्त्वाचा आहे. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो छंद आपला आहे की नाही हे कळायला पुरेशी. मुठीला पीळ दिला की रडर (शेपटीवरचे सुकाणू) चालतो, त्यामुळे पेडलांची निकड राहत नाही. थ्रस्टमास्टरच्या टी.१६०००एममध्ये हॉल सेन्सर आहेत आणि ती डावऱ्यांनाही चालते. व्हीकेबीची ग्लॅडिएटर ही त्याहून वरची आणि दीर्घकाळ पुरणारी. व्हीकेबी, व्हिरपिल, विनविंग यांची साधने कोपऱ्यावरच्या संगणक-दुकानात मिळत नाहीत. मागवताना सीमाशुल्क आणि वाहतूक धरूनच हिशेब करावा.

खऱ्या एफ-१६ ची काठी जवळजवळ हलत नाही. ती हाताचा जोर मोजते. आरंभीच्या नमुन्यात ती अजिबात हलत नव्हती. वैमानिकांना ते अवघड गेले, म्हणून तिला किंचित हालचाल देण्यात आली. मिग-२१ किंवा अमेरिकेच्या हॉर्नेट विमानाची काठी उलट दोन पायांमध्ये, लांब आणि मोठी फिरणारी. टेबलावरच्या आखूड काठीने ती नजाकत येत नाही, कारण तेवढ्याच कोनाला हात कमी सरकतो. म्हणून काही जण काठीखाली वाढीव नळी लावून ती खुर्चीपुढे जमिनीजवळ बसवतात. यासाठी परदेशी स्टँड मागवण्याची गरज नाही. चौकोनी लोखंडी पाइप आणि माप घेऊन फॅब्रिकेशनवाल्याकडे गेले की एका दिवसात काम होते; फक्त तळाची पट्टी रुंद ठेवावी, नाहीतर लढतीच्या भरात स्टँड उचकटतो.

थ्रॉटल वेगळा घ्यायचा तो लांब सरकणारा आणि आफ्टरबर्नरच्या (इंजिनाला जादा जोर देणाऱ्या टप्प्याच्या) जागी खट् असा अडसर जाणवणारा. थ्रस्टमास्टरचे वॉरथॉग हे ए-१०सी च्या काठी-थ्रॉटलची २०१० पासून मिळणारी धातूची प्रतिकृती. देखणी आणि दणकट, पण पहिल्या वर्षी तिची गरज कोणालाच नसते.

जुनी साधने घ्यायला हरकत नाही. विक्रेत्याच्या घरीच विंडोजमधली गेम कंट्रोलरची खिडकी उघडावी, काठी अगदी सावकाश एका कडेकडून दुसऱ्या कडेला न्यावी आणि पडद्यावरचे अधिकचिन्ह पाहावे. ते मध्येच उडी मारत असेल तर किंमत कितीही पाडली तरी घेऊ नये.

व्हीआर चष्म्याने कॉकपिटमध्ये बसल्याचा जो भास होतो त्याची बरोबरी कोणताही पडदा करत नाही. विमानवाहू जहाजावर उतरताना अंतराचा अंदाज डोळ्यांना आपोआप येतो. पण त्याला ताकदवान ग्राफिक्स कार्ड लागते, कीबोर्ड दिसत नाही आणि अनेकांना सुरुवातीला मळमळते. पहिले काही दिवस पंधरा मिनिटांवर थांबावे.

संगणक आणि उन्हाळा : डीसीएससाठी ३२ जीबी रॅम धरूनच चालावे, आणि साठवण एसएसडीवर असावी, चार-पाच नकाशे घेतले की शेकडो जीबी जागा जाते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पंखे कितीही लावले तरी संगणक खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, म्हणून उन्हाळ्यात ग्राफिक्सची पातळी उतरवून पहाटे किंवा रात्री उडणे शहाणपणाचे. कूलर लावलेल्या खोलीत संगणक कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. त्या हवेत ओल असते आणि कधी थेंबही येतात. धूळगाळण्या दर पंधरा दिवसांनी झटकाव्यात. यूपीएस असावाच : दीड तासाच्या मोहिमेनंतर परतीच्या धावपट्टीसमोर वीज गेल्याचे दुःख शब्दांत सांगता येत नाही.

जालावरच्या लढती : मोठे सर्व्हर बहुतेक युरोप-अमेरिकेत आहेत. संदेशाला जाऊन येण्यास लागणारा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाहून अधिक असतो. दूरच्या क्षेपणास्त्रांच्या लढतीत त्याने फार बिघडत नाही. जवळून बंदुकीने लढताना मात्र फरक पडतो. रेडिओवर बोलण्यासाठी एसआरएस ही फुकट प्रणाली वापरतात; तिच्यात विमानातला रेडिओ ज्या कंपनसंख्येवर लावला असेल तिथलेच बोलणे ऐकू येते. जर्मनीत हिवाळ्यातले रात्रीचे आठ म्हणजे नागपुरात साडेबारा, तेव्हा मोठ्या मोहिमा घर झोपल्यावर सुरू होतात. म्हणून मायक्रोफोन तोंडाजवळ येणारा हेडसेट घ्यावा, म्हणजे कुजबुजून बोलले तरी पुरते, आणि पेडलांखाली रबराची चटई अंथरावी. फरशीवर पेडल सरकतात आणि खालच्या मजल्यावर त्यांचा आवाज जातो.