मोठ्या संख्यांची नावे व लेखन

मोठ्या संख्यांना नावे देण्याची कोणतीही पद्धत एका निर्णयावर उभी असते : नवे नाव किती शून्यांनंतर घ्यायचे? भारतीय पद्धतीत हजारानंतर दर दोन स्थानांनी नवे नाव येते, इंग्रजीत दर तीन आणि चिनी-जपानीत दर चार स्थानांनी. भारतीय व इंग्रजी लेखनात स्वल्पविरामही त्याच हिशोबाने पडतात. १,२३,४५,६७,८९० ही संख्या आपण एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे नव्वद अशी वाचतो. इंग्रजी वळणाने लिहिली, तर तीच १,२३४,५६७,८९० होते. अंक तेच राहतात, फक्त त्यांचे गट बदलतात.

संस्कृत परंपरेत प्रत्येक स्थानालाच स्वतंत्र नाव होते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (सु. ११५०) एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध अशी १८ नावे आहेत, प्रत्येक आधीच्याच्या दहापट. यातला परार्ध म्हणजे १० चा १७ वा घात. यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत मात्र परार्ध १२ व्या घातावरच येतो. एकाच नावात पाच शून्यांचा फरक! ही यादी पाठ म्हणायला छान आहे, पण रोजच्या व्यवहारात कोटीच्या पुढे फार तर अब्ज टिकला. त्याहून मोठ्या रकमांसाठी वर्तमानपत्रे सरळ ‘लाख कोटी’ लिहितात.

युरोपातला गोंधळ याहून त्रासदायक आहे. निकोला शुके या फ्रेंच गणितज्ञाने १४८४ मध्ये मिलियनच्या पुढे बिलियन, ट्रिलियन अशी मालिका मांडली. त्याचा बिलियन म्हणजे दशलक्ष गुणिले दशलक्ष, एकावर १२ शून्ये. पुढे काही देशांत बिलियन म्हणजे हजार मिलियन, म्हणजे ९ शून्ये, असा अर्थ रूढ झाला. ब्रिटिश सरकारने १९७४ मध्ये हा लहान बिलियन स्वीकारला. जर्मन, फ्रेंच व स्पॅनिशमध्ये आजही तो १२ शून्यांचाच आहे. त्यामुळे जुन्या ब्रिटिश मजकुरात बिलियन दिसला, की आधी साल पाहावे.

नावे पाठ करण्याऐवजी ती नियमाने घडवावीत, हे आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच करून दाखवले. ग्रीकांचे सर्वांत मोठे नाव दहा हजाराचे. त्याचा वर्ग, म्हणजे दहा कोटी, हे त्याने नवे एकक धरले आणि त्याचेच थर रचत नेले. विश्व वाळूने भरले तरी कण १० च्या ६३ व्या घातापेक्षा जास्त भरणार नाहीत, असा त्याचा हिशोब होता. त्याची पद्धत मात्र त्याहून कितीतरी पुढे, एकावर लीलावतीच्या भाषेत आठ ‘मध्य’ (८ गुणिले १० चा १६ वा घात) इतकी शून्ये असलेल्या संख्येपर्यंत जाते.

घातांक डोक्यावर लहान अक्षरात लिहिण्याची रीत देकार्तच्या १६३७ च्या ग्रंथामुळे रुळली आणि नावांची गरजच कमी झाली. ॲव्होगाड्रो स्थिरांक (एक मोल पदार्थातील कणांची संख्या) ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात असा लिहिला, की आकारमान घातांकातून कळते आणि अचूकता आधीच्या अंकांतून. मोजमापांसाठी किलो, मेगा, गिगा हे उपसर्ग आहेत. २०२२ मध्ये त्यांत रोना (२७ वा घात) व क्वेटा (३० वा घात) यांची भर पडली.

घातांकही अपुरे पडतात. १० चा १०० वा घात म्हणजे गूगोल. हे नाव एडवर्ड कॅसनर या गणितज्ञाच्या लहानग्या भाच्याने सुचवले. एकावर गूगोल शून्ये दिली की गूगोलप्लेक्स. दृश्य विश्वातले अणू साधारण १० च्या ८० व्या घाताइतके धरले जातात. म्हणजे एकेका अणूवर एकेक शून्य लिहिले तरी गूगोलप्लेक्स पुरा होणार नाही.

अशा संख्यांसाठी संगणकशास्त्रज्ञ डोनल्ड क्नूथ यांनी १९७६ मध्ये बाणांची चिन्हे सुचवली. ३↑३ म्हणजे ३ चा ३ रा घात, २७. ३↑↑३ म्हणजे ३↑(३↑३), ३ चा २७ वा घात, ७६,२५,५९,७४,८४,९८७. ३↑↑↑३ म्हणजे घातांकावर घातांक चढवत रचलेला इतक्या मजल्यांचा तिनांचा मनोरा. गणितज्ञ रॉनल्ड ग्रॅहॅम यांच्या नावाची ग्रॅहॅम संख्या चार बाणांच्या ३↑↑↑↑३ पासून सुरू होते. दुसऱ्या पायरीत दोन तिनांमध्ये या संख्येइतके बाण, तिसरीत दुसरीइतके, असे करत ६४ व्या पायरीवर ती मिळते. तिच्यात अंक किती हेही लिहून दाखवता येत नाही, पण शेवटचा अंक ७ आहे. ती ३ चाच एक घात आहे; ३ च्या घातांचे शेवटचे अंक ३, ९, ७, १ असे फिरतात, आणि इथल्या घातांकाला ४ ने भागल्यास बाकी ३ उरते. म्हणून चक्रातला तिसरा अंक.